नानजिंगच्या विद्यार्थी मदतगटाचं समन्वयकपद सोपवताना: प्रकल्प नोंदी, मे ते ऑक्टोबर 2025

काम काय: चीनमधल्या नानजिंगमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भारतीय मुलांच्या स्वयंसेवी मदतगटाचं समन्वयकपद नव्या हाती देणं. मावळते समन्वयक पदवी घेऊन आता सूचौमध्ये वर्क परमिटवर नोकरी करतात. नव्या समन्वयक तिसऱ्या वर्षाला आहेत. गटाची कुठे नोंदणी नाही, बँकखातं नाही, शिक्का नाही. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या संमतीने तो चालतो, एवढाच त्याला आधार. नोंदी दोघांनी मिळून लिहिल्या आहेत. पुढच्या खेपेला हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांच्यासाठी.

10 मे, शनिवार

मे महिन्यातच हात घातला, कारण इथलं सत्र जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला संपतं. जुलै-ऑगस्टमध्ये कार्यालयात पाळीने एखादं माणूस बसतं. नवी तुकडी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येऊन थडकते. त्यामुळे कार्यालयातल्या शिक्षकांशी ज्याचा संबंध येतो ते सगळं जूनमध्ये उरकलं पाहिजे. ऑगस्टमध्ये जाग आली तर विचारायलाही कुणी सापडत नाही.

आज फक्त यादी केली. गटाकडे काय काय आहे आणि प्रत्येक गोष्ट कुणाच्या नावावर आहे, असे दोनच रकाने. पासवर्डचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. भारतात मंडळाचं काम सोपवताना वही, कपाटाची किल्ली आणि पासवर्ड दिले की भागतं. इथे मोबाइल नंबर, वीचॅट (इथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप), पैशांचं पाकीट, रेल्वेचं तिकीट हे सगळं एकेका पासपोर्टला किंवा ओळखपत्राला बांधलेलं असतं. पासवर्ड देऊन पहिल्या दिवशी आत जाता येतं. नव्या फोनवरून उघडलं की पडताळणी मागतात, आणि मग ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याच मागे धावावं लागतं.

यादीचे चार ढीग पडले. मालकी बदलता येते ते: वीचॅटचे ग्रुप, सामायिक तक्ते. बदलता येत नाही, नव्याने उघडावं लागतं ते: मदतीचा मोबाइल नंबर. बंद करायचं ते: जाहीर सूचनांसाठी वीचॅटवर उघडलेलं जुनं सार्वजनिक खातं आणि पैशांचा क्यूआर. आणि चौथा ढीग माणसांचा: कार्यालयातल्या शिक्षिका, हॉस्टेलचे व्यवस्थापक, परिसराच्या पोलीस ठाण्यातले परदेशी नागरिकांची नोंद करणारे अधिकारी. याला कागद पुरत नाही, प्रत्यक्ष भेट लागते.

17 मे, शनिवार

वीचॅटचे ग्रुप. एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त 500 माणसं मावतात. मालक एकच, आणि त्याला तीन ॲडमिन नेमता येतात. मालकी द्यायची रीत: वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, ग्रुप व्यवस्थापन, मालकी हस्तांतर, नाव निवडणं. बोट लागलं की मालकी गेली. परत हवी तर नव्या मालकानेच द्यायची. म्हणून आज नव्या समन्वयकांना फक्त ॲडमिन केलं आहे. काही आठवडे सूचना त्यांच्या नावाने जाऊ देत, पोरांना नाव ओळखीचं होऊ दे, मग मालकी.

मालकी न सोपवता मालक बाहेर पडला, तर ती आपोआप यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाते. तो चार वर्षांपूर्वी पास होऊन गेलेला आणि वीचॅट न उघडणारा कुणी असू शकतो. त्यामुळे आधी मालकी, मग बाहेर पडणं, हा क्रम मोडायचा नाही.

ग्रुपबद्दल बाकीच्या गोष्टी, ज्या दर सप्टेंबरला नव्याने विचारल्या जातात:

ग्रुपचा क्यूआर सातच दिवस चालतो. पोस्टरवर छापलेला क्यूआर आठव्या दिवशी मेलेला असतो. पोस्टरवर माणसाचा क्यूआर छापायचा आणि ग्रुपचा त्या माणसाने पाठवायचा. सदस्य 200 च्या वर गेले की क्यूआरने आत येताच येत नाही, कुणीतरी ओढून घ्यावं लागतं. आणि 100 च्या वरच्या ग्रुपमध्ये यायचं तर ज्याला बोलावलं त्याच्या वीचॅट पेवर (वीचॅटमधली पैसे देण्याची सोय) खरी ओळख नोंदलेली असावी लागते. विमानातून उतरलेल्या पोराकडे ती नसते. म्हणून पहिल्या वर्षाचा ग्रुप वेगळा आणि शंभराच्या आत, दरवर्षी नवा. या एका गोष्टीने अर्धी डोकेदुखी कमी होते.

नव्या सदस्याला जुने संदेश दिसत नाहीत. गप्पा फोनवर साठतात, कुठल्या सर्व्हरवर जपून ठेवलेल्या नसतात. न उघडलेल्या फाइली काही दिवसांनी 'मुदत संपली' म्हणतात. 'ग्रुपमध्ये सगळं आहे, वर सरकवून बघ' हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी. मावळत्या समन्वयकांच्या फोनमधल्या उपयोगी सूचना आज एका फाइलीत उतरवल्या. जे तारखेला बांधलेलं होतं ते टाकून दिलं.

'निमंत्रणाला मालकाची संमती' हे बटण चालू केलं. मे ते ऑगस्ट हा प्रवेश-दलालांचा हंगाम. कुणाच्या तरी ओळखीने आत शिरतात आणि पोरांना खाजगी संदेश टाकून धाकट्या भावंडांचे प्रवेश विचारत बसतात. ग्रुपमधलं नाव 'बॅच-कॉलेज-नाव' अशा घडणीचं नसेल तर आठवडाभर वाट बघून काढायचं. यात भीडभाड नको.

24 मे, शनिवार

नंबर आणि जुनं सार्वजनिक खातं.

मदतीचा नंबर म्हणून हॉस्टेलच्या फलकावर मावळत्या समन्वयकांचा स्वतःचा नंबर लागलेला होता. सिम पासपोर्टवर नोंदलेलं असतं. 1 डिसेंबर 2019 पासून नवं सिम घेताना चेहऱ्याची पडताळणीही होते. ते दुसऱ्याला 'देऊन टाकणं' बेकायदा तर आहेच, शिवाय त्याच नंबराला त्यांचं बँकखातं आणि पगार बांधलेला आहे. नव्या समन्वयकांनी आपल्या पासपोर्टवर दुसरं सिम घ्यावं असं ठरलं. एका ओळखपत्रावर एका कंपनीचे पाच नंबर मिळतात, तेव्हा अडचण नाही. सर्वात स्वस्त मासिक योजना पुरते, यावर फोन फक्त येतात. पद सोडताना हा नंबर रद्द करायचा आणि नव्या माणसाने नवा घ्यायचा. रद्द झालेला नंबर काही महिन्यांनी भलत्याच माणसाला मिळतो, म्हणून रद्द करण्याआधी फलक, पत्रक, कार्यालयाची यादी या तिन्ही ठिकाणांहून तो खोडून घ्यायचा.

सार्वजनिक खातं एका चिनी वर्गमित्राच्या ओळखपत्रावर उघडलेलं होतं. तो पास होऊन दुसऱ्या प्रांतात गेला. खात्यात काहीही बदलायचं तर त्यालाच स्कॅन करावं लागतं. त्याने केलंही असतं, पण त्या खात्यावर परदेशी विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी कायद्याने त्याच्या गळ्यात आहे. हा भार मैत्रीखातर कुणावर टाकू नये. खातं बंद करायची विनंती त्याला केली. यापुढे जाहीर सूचना कार्यालयाच्या अधिकृत खात्यावरूनच जातील.

तक्ते: टेन्सेंट डॉक्सवर होते. प्रत्येक फाइलीच्या मेनूत मालकी बदलता येते, ती आज बदलली. महिन्यातून एकदा एक्सेलमध्ये उतरवून ठेवायचं, कारण फाइल शेवटी एका माणसाच्या वीचॅट खात्याला लटकलेली आहे. खातं काही कारणाने रोखलं गेलं तर तक्ताही गेला.

31 मे, शनिवार

ड्रॅगन बोटीची सुट्टी, 2 जूनपर्यंत. गाड्यांना गर्दी, म्हणून सूचौ-नानजिंग येणं-जाणं टाळून हे काम दोन शहरांत बसून केलं: साफसफाई.

मावळत्या समन्वयकांच्या फोनमध्ये गेल्या काही वर्षांतल्या पोरांच्या पासपोर्टचे फोटो, व्हिसाची पानं, दवाखान्याचे कागद. मदत मागताना प्रत्येक जण फोटो टाकतो आणि विसरतो. हे नव्या माणसाकडे सोपवायचं नाही, पुसायचं. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा इथे 1 नोव्हेंबर 2021 पासून लागू आहे. आजारपणाची माहिती त्यात संवेदनशील धरली आहे आणि तिला वेगळी संमती लागते. ती संमती मावळत्या समन्वयकांना दिलेली होती, पदाला नव्हे.

पुसण्याची ठिकाणं चार आणि चारही पाहावी लागतात: गप्पा, 'आवडते' हा साठा, फोनची गॅलरी, आणि संगणकावरच्या वीचॅटचा फोल्डर. शेवटचा हमखास राहतो. संगणकावर उघडलेली प्रत्येक फाइल तिथे महिन्यांच्या नावाने पडून असते.

नव्या तक्त्यात ठेवायचं फक्त एवढं: नाव, बॅच, हॉस्टेलची इमारत, वीचॅटचं नाव, निवास परवान्याची शेवटची तारीख. पासपोर्ट क्रमांक नको. परवान्याची तारीख मात्र हवीच. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या किमान 30 दिवस आधी करायचा असतो, आणि आठवण करून देणं हे या गटाचं सर्वात उपयोगी काम आहे. मुदत उलटून राहिलं तर दिवसाला 500 युआन, 10,000 पर्यंत दंड. प्रकरण गंभीर असेल तर 5 ते 15 दिवस कोठडी.

14 जून, शनिवार

पैसे. या विषयावर दोघांचं एकमत व्हायला वेळ लागला, म्हणून सविस्तर.

आजवर पत्रकांच्या छपाईला आणि निरोपसमारंभाला ग्रुपवर क्यूआर टाकून वर्गणी गोळा व्हायची. रक्कम किरकोळ, पण ती एका माणसाच्या वीचॅट पाकिटात जमा होते. ते पाकीट त्याच्या बँकखात्याला जोडलेलं, आणि तो माणूस आता पगारदार. त्याच्या खात्यात अनेक भारतीयांकडून लहान लहान रकमा येणं हे बँकेच्या नजरेला चांगलं दिसत नाही. दुसरं असं की जाहीर निधी गोळा करण्याचा अधिकार इथल्या परोपकार कायद्याने फक्त परवाना असलेल्या संस्थांना दिला आहे. कायदा 2016 चा, सुधारित रूप 5 सप्टेंबर 2024 पासून लागू. आपला गट संस्थाच नाही, मग परवाना कुठला?

ठरलं ते असं: गट पैसे हाताळणार नाही. छपाई कार्यालयाच्या यंत्रावर, ते देतात. जेवणाचा खर्च जेवणाऱ्यांनी जागेवर वाटून घ्यायचा, वीचॅटमध्ये त्यासाठी वर्गणी वाटपाची सोय आहेच. उरलेली शिल्लक वह्या आणि औषधपेटी घेऊन संपवली, पावत्यांचे फोटो ग्रुपवर टाकले.

खरी अडचण मोठ्या आजारपणात येते. पोरगा अतिदक्षता विभागात, दवाखाना आगाऊ अनामत मागतो, आणि ग्रुपवर पैसे गोळा करा म्हणून गलका होतो. तेव्हा गटाने मध्ये पडायचं नाही. घरच्यांनी भारतातल्या बँकेतून उदारीकृत प्रेषण योजनेखाली थेट पाठवायचे. जवळच्या मित्रांनी वैयक्तिकरीत्या द्यायचे ते थेट दवाखान्याच्या खिडकीवर, रुग्णाच्या नावाने. घरची परिस्थिती खरोखर बिकट असेल तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, 2009 पासूनचा. त्यासाठी अर्ज लागतो आणि निर्णय त्यांचा. विमा आहे, पण तो बहुधा नंतर भरपाई देतो, त्याविषयी पुढे.

मावळत्या समन्वयकांना एक सूचना स्वतःपुरती: वर्क परमिट एका मालकाच्या नावाने असतं. गटाकडून मानधन, भेटकार्ड, 'प्रवासखर्च' काहीही घ्यायचं नाही. परवान्याबाहेरच्या कामाला 5,000 ते 20,000 युआन दंड आहे, आणि स्वयंसेवा की काम हे ठरवणारे आपण नव्हे. 'मानद सल्लागार' वगैरे पदही नको. गेलं की गेलं.

20 जून, शुक्रवार

कार्यालयातली भेट. शनिवारी कार्यालय बंद, म्हणून मावळत्या समन्वयकांनी रजा घेतली. सूचौहून वेगवान गाडीने तास-सव्वा तास. भेट सकाळी दहाची मागितली होती, ते जाणूनबुजून: साडेअकराला जेवण आणि मग वामकुक्षी, दोनपर्यंत कुणी भेटत नाही.

भेटीचा आराखडा असा ठेवला. मावळते बोलणार पाच मिनिटं: किती मुलं, वर्षभरात कोणत्या अडचणी, नव्या समन्वयक कोण. मग त्यांनी गप्प बसायचं. बाकीचं बोलणं नव्या समन्वयकांनी करायचं, तोडक्या चिनीत का होईना. त्यांची एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी झाली आहे, तेवढं पुरतं. एका कागदाच्या दोन्ही बाजूंना चिनी आणि इंग्रजी मजकूर: नवा नंबर, बॅचवार प्रतिनिधी, सप्टेंबरमध्ये स्टेशनवर कोण थांबणार. शिक्षिकांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला. इथे याला मंजुरीपेक्षा कमी किंमत नाही.

मग तिथल्या तिथे तिघांचा एक छोटा ग्रुप काढला आणि मावळत्यांनी त्यात लिहिलं: 'शिक्षिकाबाई, आजपासून विद्यार्थ्यांचं सगळं या पाहतील.' हे लेखी वाक्य लागतं. नाहीतर पुढची दोन वर्षं रात्री अकराला फोन जुन्याच माणसाला येतो, कारण ओळख त्याच्याशी आहे. आणि तो भिडेखातर उचलतो, मग नव्याला कुणी विचारत नाही. आलाच तर उत्तर एकच: 'त्यांना सांगतो, त्या लगेच फोन करतील.' आणि खरोखर त्यांच्याकडूनच फोन करवायचा.

शिक्क्याबद्दलही बोलून घेतलं. बँक, पोलीस ठाणं, दवाखाना यांना लाल गोल शिक्का असलेलंच पत्र चालतं. गटाच्या लेटरहेडला कवडीची किंमत नाही. नावनोंदणीचं शिक्क्याचं पत्र कार्यालय सप्टेंबरमध्ये प्रत्येक नव्या मुलाला दोन प्रतींत देणार. एक बँकेसाठी, एक जवळ ठेवायला.

हॉस्टेलचे व्यवस्थापक काकाही भेटले. त्यांना बोलण्यापेक्षा नव्या समन्वयकांचा खोली क्रमांक सांगितलेला जास्त आवडला.

5 जुलै, शनिवार

भारतातल्या मुलांशी बोलायचं कशावर, हा दरवर्षीचा तिढा. वीचॅटवर भारतात 29 जून 2020 पासून बंदी आहे, त्या दिवशीच्या 59 ॲपमध्ये ते होतं. उलट व्हॉट्सॲप आणि जीमेल चीनमध्ये चालत नाहीत. दोन्ही तीरांवर चालणारी एकच साधी वस्तू म्हणजे आउटलुकचा ईमेल. गटाचा पत्ता तिथे आहे. पडताळणीसाठी मावळत्यांचा फोन जोडलेला होता, तो काढून नव्या समन्वयकांचा जोडला. पत्ता पदाचा असला तरी फोन माणसाचा, हे इथेही आलंच.

निघण्याआधीच्या सूचना, या वर्षीचा मसुदा: भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून या आणि एक आठवड्याचा डेटा पॅक घ्या. रोमिंगचा डेटा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून फिरतो, म्हणून त्यावर व्हॉट्सॲप चालतं. आई-बाबांना पोचल्याचा निरोप त्यावरूनच. बँकेचे ओटीपीही याच सिमवर येतात, तेव्हा ते बंद पडू देऊ नका. डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करा आणि मर्यादा वाढवा. इथे आल्यावर कार्ड नाकारलं म्हणून रडणाऱ्यांपैकी बहुतेकांचं कारण हेच असतं. अलिपे किंवा वीचॅट पेला परदेशी कार्ड जोडता येतं, 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा शुल्क नाही, त्यावर 3 टक्के. पण ते दुकानात पैसे देण्यापुरतं धरा, त्यातून मित्राला पैसे पाठवता येतील यावर विसंबू नका. थोडी रोख जवळ हवी.

व्हीपीएन कोणतं घ्यायचं, या प्रश्नाला गट उत्तर देत नाही. लेखी तर नाहीच.

कोणत्या कॉलेजात प्रवेश घ्यावा, यालाही नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे नोव्हेंबर 2021 चे नियम (54 महिने शिक्षण, त्याच संस्थेत 12 महिने इंटर्नशिप, इंग्रजी माध्यम) आयोगाच्या संकेतस्थळावरून वाचा, एवढंच सांगायचं.

9 ऑगस्ट, शनिवार

पोचल्यावरच्या कामांचा क्रम. हे पत्रक गटाचा कणा आहे, म्हणून ओळ न् ओळ दोघांनी तपासली. क्रमाला कारण एकच: निवास परवान्याला अर्ज केला की पासपोर्ट कार्यालयात राहतो, कायद्याने 15 दिवसांपर्यंत, आणि हातात फक्त पोचपावती उरते. मूळ पासपोर्ट लागणारी कामं त्याआधी झाली पाहिजेत.

पहिलं, 24 तासांत पोलिसांकडे राहण्याची नोंद. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये ती हॉस्टेल करतं, तरी कागद मागून घ्यायचा. बाहेर मित्राच्या खोलीवर एक रात्र जरी काढली तरी तिथली नोंद लागते. चुकलं तर ताकीद, आणि वर 2,000 युआनपर्यंत दंडही होऊ शकतो. दुसरं, सिम. तिसरं, बँक. एकाच बँकेची एक शाखा निवास परवाना आणा म्हणते, दुसरी शिक्क्याच्या पत्रावर खातं काढते. ओळखीची शाखा कोणती ते प्रतिनिधींना माहीत आहे. चौथं, वैद्यकीय तपासणी, उपाशीपोटी. भारतातून आणलेला अहवाल असेल तर मूळ प्रती आणि क्ष-किरणाची फिल्मही न्यायची. पाचवं, निवास परवाना. एक्स-1 व्हिसावर (लांब मुदतीचा विद्यार्थी व्हिसा) आलेल्यांनी प्रवेशापासून 30 दिवसांत. 'व्हिसावर मुदत लिहिलीच नाही' म्हणून बेफिकीर राहणारे असतात. मुदत हीच आहे.

नावाची भानगड मराठी मुलांना जास्त सतावते. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. सिमच्या दुकानात आडनाव आधी टाकतात, बँकेत शेवटी, कुणी मधली जागा गाळतं. मग वीचॅट पे बँकेशी नाव ताडून बघतं आणि 'माहिती जुळत नाही' म्हणून हाकलतं. उपाय: बँकेत खातं काढताना छापील पावतीवर नाव कसं पडलं आहे त्याचा फोटो घ्या. जागा, क्रम, मोठी अक्षरं, जसंच्या तसं सगळीकडे टाका. सिमवरचं नाव वेगळं पडलं असेल तर बँकेच्या आधी ते दुरुस्त करून घ्या.

23 ऑगस्ट, शनिवार

27 तारखेला गणेश चतुर्थी. जुन्या बॅचचे मराठी विद्यार्थी सुट्टीतही हॉस्टेलवर आहेत, त्यांनी सभागृह मागायचं ठरवलं होतं. परदेशी नागरिकांच्या सामूहिक धार्मिक कार्यक्रमांचे सुधारित नियम 1 मे 2025 पासून लागू झाले आहेत. असे कार्यक्रम मान्य ठिकाणीच करता येतात, आणि कॉलेजचं सभागृह त्यात बसत नाही. नव्या समन्वयकांनी मुलांना स्पष्ट सांगितलं: खोलीत आपापली मूर्ती आणि आरती, खोलीतल्यांपुरती. समई-निरांजन नाही, हॉस्टेलमध्ये उघड्या ज्योतीला मनाई आहे. विजेचा दिवा लावा. मोदकांसाठी विजेची शेगडी खोलीत सापडली तर जप्त होते, म्हणून मजल्यावरचं सामायिक स्वयंपाकघर वापरा. दिवाळीला नाच-गाणी-फराळ असा सांस्कृतिक कार्यक्रम मात्र कार्यालयाच्या परवानगीने होतो. त्याचा अर्ज सप्टेंबरअखेर द्यायचा.

कुरकुर झाली. अशा वेळी जुन्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही हे ठरलेलं होतं, ते पाळलं गेलं.

6 सप्टेंबर, शनिवार

नवी तुकडी आली. थेट विमानं अजून सुरू नसल्याने कुणी हाँगकाँगमार्गे, कुणी बँकॉकमार्गे.

अडलं ते वीचॅटवर. नवं खातं उघडताना ओळखीच्या जुन्या सदस्याने स्कॅन करावं लागतं. त्याचं खातं चिनी असेल तर किमान सहा महिने जुनं हवं, आणि त्याने गेल्या महिनाभरात दुसऱ्या कुणाला अशी मदत केलेली नसावी. म्हणजे एक जुना विद्यार्थी महिन्याला एकच नवा आत घेऊ शकतो. नव्या समन्वयकांनी पहिल्याच संध्याकाळी आपला वाटा वापरून टाकला आणि बाकीची रांग उभी राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांची यादी करून एकाला एक जोडी लावली, तेव्हा सुटलं. ही जोड्यांची यादी पुढच्या वर्षी ऑगस्टमध्येच तयार हवी. घाईघाईत पुन्हा पुन्हा नोंदणीचा प्रयत्न केला की खातं काही काळ रोखलं जातं, हेही मुलांना आधी सांगावं.

13 सप्टेंबर, शनिवार

रात्रीच्या फोनचा क्रम नव्या समन्वयकांनी स्वतः लिहून काढला, तो इथे चिकटवतो. जीवावरचं असेल तर आधी 120, मग हॉस्टेलचं दार उघडायला व्यवस्थापक, मग कार्यालयाच्या रात्रपाळीच्या शिक्षिका, मग घरचे, मग शांघायचा भारतीय वाणिज्य दूतावास. नानजिंगचा ज्यांग्सू प्रांत त्यांच्याकडे येतो. मारामारी, चोरी: 110. परवान्याचे प्रश्न: 12367, चोवीस तास, इंग्रजीतही. पोलिसांच्या कागदावर न समजता सही करायची नाही, दुभाषा मागायचा.

विमा वर्षाला 800 युआनचा, कॉलेजमार्फत. भरपाई सरकारी दवाखान्याचीच मिळते. लागतं काय: पैसे भरल्याची अधिकृत पावती, रुग्णनोंद, औषधांची यादी, पासपोर्टची प्रत. साध्या बिलाला किंमत नाही, 'फाफिआओ' म्हणजे ही अधिकृत पावतीच हवी, आणि ती त्याच दिवशी मागून घ्यायची.

एका चौथ्या वर्षाच्या मुलाचा पासपोर्ट नवा झाला, म्हणजे क्रमांक बदलला. साखळी अशी: 10 दिवसांत निवास परवान्यात बदल, मग बँक, मग सिम, मग वीचॅट पे आणि अलिपे, शेवटी रेल्वेचं 12306. उलट सुरुवात केली तर प्रत्येक पायरी आधीची मागते. जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट फेकायचा नाही, बँक दोन्ही एकत्र बघते.

28 सप्टेंबर, रविवार

राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीच्या बदल्यात आजचा रविवार कामाचा. कार्यालय उघडं म्हणून शेवटची कामं उरकली. दोन्ही ग्रुपची मालकी नव्या समन्वयकांकडे. नवा उपसमन्वयक दुसऱ्या वर्षाचा निवडला, त्याला ॲडमिन केलं. तिघांच्या छोट्या ग्रुपमध्ये तो जोडला आणि मावळते त्यातून बाहेर पडले. मुख्य ग्रुपमध्ये ते साधे सदस्य म्हणून महिनाभर राहतील, सूचना बंद ठेवून.

फलकावरचा जुना नंबर तिसऱ्या इमारतीत अजून होता. फाडला.

11 ऑक्टोबर, शनिवार

आजही कामाचा शनिवार. दिवाळीच्या कार्यक्रमाला तोंडी होकार आहे, शिक्क्याचं पत्र सोमवारी.

राहिलेलं: सार्वजनिक खातं बंद झाल्याचा स्क्रीनशॉट वर्गमित्राकडून यायचा आहे. दोघा नव्या मुलांच्या निवास परवान्याच्या तारखा तक्त्यात भरायच्या. मावळत्यांच्या सूचौच्या लॅपटॉपवरचा वीचॅट फोल्डर एकदा उपसमन्वयकासमोर स्क्रीन दाखवून रिकामा करायचा. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांची भेट राहिली आहे. सुट्टीनंतर त्यांची बदली झाली, नवे कोण आले ते हॉस्टेलच्या काकांना विचारायचं.